सुट्टीवर गेलेलं घर

घर माणसाला ओळखतं, असं पूर्वी लोक नुसतं म्हणायचे. त्याला पुरावा नव्हता आणि मासिक वर्गणीही नव्हती. आता दोन्ही आहे. विज्ञानाने दारांना डोळे दिले, दिव्यांना कान दिले, पाणी तापवायच्या टाकीला स्वतःचं मत दिलं आणि या सगळ्यांना मिळून एक मालक दिला. हा मालक म्हणजे घरमालक नव्हे. (घरमालक म्हणजे ज्याच्या नावावर घराचा कर येतो तो. एवढा भेद ग्राहकाने सुरुवातीलाच समजून घेतला तर पुढचा मनस्ताप वाचतो, असं कंपनीचं नम्र म्हणणं आहे.)

चष्मेवाल्याने हा भेद समजून घेतला नव्हता. दुकानात तो दिवसभर लोकांना तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ वाचायला लावायचा. कंपनीच्या अटी त्या ओळीपेक्षाही बारीक होत्या. त्याने ‘मला मान्य आहे’वर बोट ठेवलं आणि त्याचं घर सजग झालं.

सजग घर बरेच महिने गुणाने वागलं. मग चष्मेवाला बायकोला घेऊन समुद्रावर गेला. निघताना त्याने फोनवरचं ‘सुट्टी’ हे बटण दाबलं. तिसऱ्या दिवशी फोटो काढता काढता फोन समुद्रात पडला. परत येऊन त्याने नवा फोन घेतला, घराला सांगितलं, आम्ही आलो. घराने नव्या फोनकडे पाहिलं आणि विचारलं, आपण कोण?

इथे माहितीपुस्तिकेतला एक उतारा देणं क्रमप्राप्त आहे.

*घर सुट्टीवर असताना पडदे बंद राहतील. पाणी तापणार नाही, कारण अनुपस्थित व्यक्तींना आंघोळीची गरज नसते. चोरांची दिशाभूल व्हावी म्हणून संध्याकाळनंतर दिवे एकेका खोलीत आळीपाळीने लागतील. घरात हालचाल आढळल्यास मोठ्या कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज करण्यात येईल.*

या व्यवस्थेत नाव ठेवायला जागा नाही. फक्त तिच्यात राहायची सोय नाही.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला साधं कुलूप होतं, कारण ते दार पॅकेजमध्ये बसत नव्हतं. दोघं तिथून आत शिरायची. दिवा बैठकीत लागला की दोघं आपापलं ताट उचलून बैठकीत जायची. दोन घास होतात न होतात तोच दिवा जिन्यात. मग दोघंही जिन्यात. भाजी जिन्यात, भात बेडरूममध्ये आणि ताक परत बैठकीत, असं जेवण होऊ लागलं. (चालत जेवल्याने अन्न पचतं. कंपनीने याचं श्रेय अजून घेतलेलं नाही.)

आणि कुत्रा. चष्मेवाल्याच्या बायकोने कूस बदलली की भिंत भुंकायची.

“हा मेला फक्त माझ्यावरच भुंकतो,” ती म्हणाली.

“माझ्यावरही भुंकतो.”

“तुमच्यावर भुंकतो तेव्हा आवाजात आदर असतो.”

भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायला समोर निदान कुत्रं असावं लागतं.

एवढ्यानेही चष्मेवाला डगमगला नसता. माणूस कशालाही सरावतो. पण शुक्रवारी त्याची आई दवाखान्यातून सुटणार होती. तिचा गुडघा बदलला होता. (नवा गुडघा बसवताना तिला सुरक्षा प्रश्न विचारण्यात आला नाही. वैद्यकशास्त्र अजून मागासलेलं आहे.) डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या होत्या: गरम पाण्याने शेक, चालताना भरपूर उजेड, आणि त्यांना दचकवू नका.

हे कळल्यावर त्याच्या ताईचा फोन आला.

“मी नेते आईला माझ्याकडे. माझं घर साधं आहे रे, त्याला काही कळत नाही. बटण दाबलं की दिवा लागतो. बिचारं.”

ताई प्रेमळ होती, पण ताईकडे गेलेली गोष्ट परत येत नाही, असा घरचा अनुभव होता. शिवणयंत्र चार दिवसांसाठी गेलं होतं. मोठं पातेलं एका रविवारपुरतं गेलं होतं. आता आई.

“शुक्रवारपर्यंत घर ताळ्यावर येईल,” तो म्हणाला.

“तू येशील का ताळ्यावर?” ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग त्याने कंपनीला फोन केला. (हे संभाषण सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी ध्वनिमुद्रित करण्यात आलं. दर्जाचं काय झालं ते कळवण्यात आलेलं नाही.)

“सर, आपल्या भावना आम्ही समजू शकतो.”

“भावना राहू द्या हो, माणूस पाठवा.”

“नक्की सर. भेटीच्या वेळी घरात ग्राहक असणं आवश्यक आहे. आपण घरी आहात का?”

“घरातूनच बोलतोय.”

“सर, आमच्या नोंदीप्रमाणे आपण सुट्टीवर आहात.”

“मागे कुत्रा भुंकतोय तो ऐकू येतोय ना? तो माझ्यावर भुंकतोय. म्हणजे मी घरात आहे.”

“सर, तो भुंकतोय म्हणजे घरात अनोळखी व्यक्ती आहे. आपण तात्काळ पोलिसांना कळवावं.”

हा युक्तिवाद निर्दोष होता. चष्मेवाल्याने तो मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिला, त्याला कुठेही चीर सापडली नाही.

“यातून मार्गच नाही का काही?”

“आहे ना सर! अगदी सोपा. सुरक्षा प्रश्नाचं उत्तर द्यायचं. प्रश्न आपल्या फोनच्या पडद्यावर येईल. तीन संधी. तिन्ही चुकल्या तर आपल्याच सुरक्षिततेसाठी घर वर्षभर सुट्टीवर राहील. आणखी काही मदत करू शकते का?”

पडद्यावर प्रश्न आला:

*तुमच्या सर्वांत जवळच्या माणसाचं नाव काय?*

जोडणीच्या दिवशी आपण याचं काय उत्तर दिलं होतं, ते चष्मेवाल्याला आठवेना. त्या दिवशी तो एका हाताने सह्या करत होता आणि खांद्यात फोन धरून गिऱ्हाइकाशी फ्रेमच्या रंगावरून वाद घालत होता. उत्तर आठवण्याइतका एकांतही आता नव्हता, कारण बायको खांद्यामागे उभी होती.

“त्यात आठवायचं काय?” ती म्हणाली.

म्हणून त्याने तिचं नाव टाकलं. (या ठिकाणी कोणताही विवाहित माणूस हेच करेल. अविवाहितांनी पुढचा परिच्छेद अभ्यास म्हणून वाचावा.)

*उत्तर चूक आहे.*

कुत्रासुद्धा गप्प झाला.

“बरं,” बायको म्हणाली. ‘बरं’ हा शब्द मराठीत अनेक प्रकारे उच्चारता येतो. त्यातला हा शेवटचा प्रकार होता.

“अगं, स्पेलिंग चुकलं असेल—”

“माझं नाव तीन अक्षरी आहे.”

चष्मेवाल्याने घाईघाईने दुसरी संधी घेतली. बोका हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. एका बाकावर बसले, एका सायकलवरून पडले. बायकोनंतर बोकाच. नव्हे, आता सिद्ध झाल्याप्रमाणे बायकोच्याही आधी बोकाच. त्याने ‘बोका’ टाकलं.

*उत्तर चूक आहे.*

बायकोच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान उमटलं. मग ते हळूहळू मावळलं आणि त्या जागी विचार आला.

“मी नाही,” ती म्हणाली. “बोकाभाऊजीपण नाहीत. मग ही तिसरी कोण?”

“तिसरी कशावरून?”

“तेच विचारतेय.”

तेवढ्यात दिवा जिन्यात गेला आणि दोघं अंधारात राहिली. ते बरंच झालं.

बातमी दवाखान्यात पोचायला वेळ लागला नाही. आईचा फोन आला.

“अरे, शेवटचं नाव माझं टाक. माझंच असणार. लहानपणी माझा पदर सोडत नव्हतास.”

“आई, हीच एक संधी उरलीय. चुकली तर घर वर्षभर बंद.”

“म्हणजे तुला खात्री नाही.”

“खात्री आहे गं. पण—”

“पण कशाला? खात्रीपुढे पण नसतो. ठेवते. ताई आलीय. डबा घेऊन आलीय, गरम.”

एका साध्या प्रश्नाने घरात जे घडवलं ते बावीस वर्षांच्या संसाराला जमलं नव्हतं: घरातला प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या मनात आपण कितव्या नंबरावर आहोत, हे मोजू लागला. कंपनीच्या पाहणीनुसार अठ्ठ्याण्णव टक्के ग्राहक समाधानी आहेत. (उरलेल्या दोन टक्क्यांची घरं सुट्टीवर असल्याने त्यांचं मत घेता आलं नाही.)

गुरुवारी चष्मेवाला टॉवेल खांद्यावर टाकून बोकाकडे आंघोळीला गेला. दुसऱ्या संधीचं त्याने बोकाला अर्धंच सांगितलं होतं. ‘तुझं नाव टाकलं’ एवढं सांगितलं, ‘ते चुकलं’ हे गाळलं. बोका भारावून गेला होता. नवा साबण काढून ठेवला होता.

आंघोळ करून चष्मेवाला बाहेर येतो तर काय, बैठकीत स्टुलावर एक फिटर चढलेला! बोकाही घर सजग करून घेत होता. का, तर चष्मेवाल्यानेच मागे एकदा गप्पांत सजग घराचं गुणगान केलं होतं. (मित्राला आणल्यास एक महिना मोफत. ही योजना अजून चालू आहे.)

“लेका, तू म्हणालास म्हणून घेतलं बरं का,” बोका म्हणाला. “काही झालं तर तुझ्याकडेच येईन आंघोळीला.”

फिटर सगळ्यांना नाना म्हणून ठाऊक. त्यानेच चष्मेवाल्याचं घर जोडलं होतं. आता तो स्टुलावरून उतरून फोनवर बोटं चालवू लागला. पत्ता. नंबर. आणि मग पडद्यावर तो प्रश्न आला. चष्मेवाल्याला तो लांबूनही वाचता आला, धंद्याची नजर.

आता बोका कुणाचं नाव घेतो? शेजारी बोकाची बायको भाजी निवडत होती, तिचाही हात थांबला. बोकाने तोंड उघडलं. मिटलं. बायकोकडे पाहिलं, टॉवेलातल्या दोस्ताकडे पाहिलं आणि मग पंख्याकडे पाहिलं.

नानाने कुणालाही न विचारता दोन अक्षरं टाकली आणि पुढचं पान काढलं.

“काय टाकलंत?” चष्मेवाला ओरडलाच.

“नाना.”

“तुमचं स्वतःचं नाव?”

“सगळीकडे तेच टाकतो साहेब,” नाना म्हणाला. “आधी विचारायचो. पण लोक या प्रश्नाला अडतात हो. नवरा बायकोकडे बघतो, बायको सासूकडे बघते, कुणी रडतं. एका घरी तर मला पाणी पाजून परत पाठवलं, म्हणे आधी आमचं आम्ही ठरवतो. मला दिवसाला सहा घरं करायची असतात.”

“मग सांगायचं तरी!”

“सही करताना सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, सोनेरी नको, काळी घ्या.”

चष्मेवाला टॉवेलावरच घरी पळाला. तिसऱ्या संधीत त्याने ‘नाना’ टाकलं.

*सुस्वागतम! आपली सुट्टी आनंदात गेली असेल अशी आशा आहे. आपल्या अनुपस्थितीत घरात दोन संशयित व्यक्ती वावरत होत्या. त्यांची छायाचित्रं सोबत जोडली आहेत.*

छायाचित्रांत बायको ताट घेऊन जिन्यात बसली होती. एकात ती भिंतीवर चप्पल उगारून उभी होती. ती त्यात छान दिसत होती, असं चष्मेवाला म्हणाला. तिला नानाची हकीकत कळल्यापासून तो काय बोलेल ते गोड लागत होतं.

(जाता जाता: कंपनीच्या वार्षिक अहवालात असं नमूद आहे की या शहरातल्या बहुतेक कुटुंबांच्या सर्वांत जवळचा माणूस एकच आहे. अहवालाने याला सामाजिक सलोख्याचं दुर्मीळ उदाहरण म्हटलं आहे. समाजशास्त्राचे दोन प्राध्यापक नानाला भेटायला गेले होते. तो स्टुलावर होता.)

शुक्रवारी आई आली. ताई तिला धरून आली, आणि घर कसं वागतं ते डोळ्यांनी बघायला थांबली. बोका खुर्ची उचलायला आला. आईला बैठकीत बसवलं, बायकोने शेकायला पाण्याचं बटण दाबलं आणि भिंतीवरचा मोठा पडदा उजळला:

*नुकतीच आपल्या खात्यात संशयास्पद हालचाल आढळली. कृपया उत्तर पुन्हा निवडा. उत्तर मिळेपर्यंत पाणी तापणार नाही.*

खाली तोच प्रश्न. अक्षरं मोठी, आईला चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी.

आईने पदर सारखा केला. बायको तांब्या घेऊन उभी राहिली. ताई म्हणाली, “टाक की. आम्ही आहोत म्हणून संकोच करू नकोस.” बोका पंख्याकडे पाहू लागला. कॅमेऱ्याचा लाल ठिपका चष्मेवाल्यावर स्थिर झाला.

चष्मेवाल्याने आईच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग त्याने दोन अक्षरं टाकली.

*नाना.*

खोलीतल्या प्रत्येकाने श्वास सोडला. टाकीत पाणी घुरघुरू लागलं.

“हा नाना कोण?” आईने विचारलं.

“कुणी नाही, आई.”

“मग बरं आहे,” ती म्हणाली आणि तिने पाय पुढे केला. ताई जरा वेळाने निघून गेली, एकटीच.

आता वाचकाविषयी. प्रश्न वाचताक्षणीच तुमच्याही मनात एक नाव आलं होतं. आलं होतंच; त्यात लाजण्यासारखं काही नाही. ते नाव सध्या तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाचं असेल, तर ही गोष्ट त्यांनाही खुशाल वाचायला द्या. नसेल, तर पान उलटा आणि चेहरा होता तसाच ठेवा. ते केव्हापासून तुमच्याकडेच बघताहेत.