सासूबाईंची घंटा

"या घळीत मी डोळे मिटून चालतो!" लेलँड बिट्सुईनं छाती फुगवून सांगितलं.

सहाही पाहुण्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. मागे उभ्या आर्लीन मावशीनं मात्र डोलावली नाही. सहलींचा धंदा तिचा, आणि मुख्य वाटाड्या कोणाला करायचं हे ती आजच ठरवणार होती.

"तोंड पुरे, पाय चालव," ती म्हणाली.

लेलँड ऐटीत आत शिरला. दोन्ही बाजूंना तांबड्या खडकाच्या भिंती इतक्या जवळ, की जाड्या माणसानं आधी श्वास सोडावा आणि मग पाऊल टाकावं. तिसऱ्या वळणावर समोरून आवाज आला. किणकिण, किणकिण!

"सासूबाई!" लेलँड किंचाळला. हॅट नाकापर्यंत ओढून तो भिंतीला चिकटला.

अमेरिकेतल्या नावाहो जमातीत जावयानं सासूचं तोंड पाहू नये. पाहिलं तर डोळे जातात, असं जुनी माणसं सांगतात. लेलँडच्या सासूबाई, डेझबाबाई, जुन्यातल्या जुन्या. जावयाला आधीच कळावं म्हणून त्या घंटा घालून फिरत. अकरा वर्षं दोघांनी हा नेम पाळला होता. आता एवढ्याशा घळीत तो मोडायची वेळ आली!

किणकिण जवळ आली, थांबली. मग कोणीतरी लेलँडचा शर्ट चावायला लागलं.

"अहो," एक पाहुणी हळूच म्हणाली, "तुमच्या सासूबाईंना शिंगं आहेत का?"

लेलँडनं हॅट उचलली. शेळी! तिच्या गळ्यात सासूबाईंची घंटा! तो खदाखदा हसला. "हात् मेले! उगाच घाबरवलंस! घंटा इथे, मग सासूबाई..."

त्याचं हसू विरलं. मग सासूबाई बिनघंटेच्या!

"सापडली का गं माझी शेळी?" वळणापलीकडून डेझबाबाईंचा आवाज आला. "रोज हरवते, म्हणून घंटा तिलाच बांधली!"

हॅट पुन्हा नाकावर. "मावशी, त्यांना सांग, मी इथे आहे!"

"आर्लीन, त्यांना सांग, ऐकलं मी! पाठ फिरवलीय."

"आता गं?" मावशी वैतागली.

"आता काय! मी आले तशी पुढे निघते. पाहुण्यांना माझ्यामागे पाठव. जावई येतील सगळ्यांत शेवटी, डोळे मिटून."

"डोळे मिटून चालतोस ना?" मावशीनं शेळीची दोरी लेलँडच्या हातात दिली. "मग चाल!"

पाहुणे अंग चोरत त्याच्यापुढे गेले. लेलँडनं मोठ्या आत्मविश्वासानं पहिलं पाऊल टाकलं, आणि कपाळ खडकावर आपटलं. दुसऱ्याला गुडघा. तिसऱ्यापासून तो मुकाट्यानं शेळीमागे चालू लागला. पुढे डेझबाबाई रंगात आल्या होत्या. लहानपणी इथेच शेळ्या चारल्या होत्या त्यांनी! कुठे पाणी साचतं, कुठे घुबड बसतं, सगळं सांगत होत्या. पाहुणे हसून लोळायचे बाकी होते.

लेलँड बाहेर पोचला तेव्हा सासूबाई पाहुण्यांना गाडीकडे घेऊन गेल्या होत्या. त्याच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं.

"मुख्य वाटाड्या ठरला," मावशी म्हणाली.

"मी?" लेलँडनं अजूनही आशा सोडली नव्हती.

"डेझबा. तू दुसरी तुकडी न्यायचीस. पण डेझबाला चौफेर बघत चालावं लागणार. तेव्हा कोण येतंय हे तिलाच आधी कळायला हवं."

मावशीनं वाकून शेळीच्या गळ्यातली घंटा सोडली.

आता पाहुणे विचारतात, "गळ्यात ही घंटा कशाला?"

"मानाची आहे," लेलँड छाती फुगवून सांगतो.

शेळी मात्र पुन्हा रोज हरवते.