पत्ता दोघांचा

आपल्या घराचा पत्ता आता परमेश्वरालासुद्धा सापडणार नाही, अशी गव्हाणच्या दीनानाथ भोईरांची खात्री होती! खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं कोर्टानं २०१७ साली सांगितलं, आणि तहसील कचेरीतून निवृत्त झालेले दीनानाथ त्यावर पनवेलला व्याख्यान ऐकून आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दारावरची पाटी उतरवली, भिंतीवरचा घर नंबर खरवडून काढला आणि आळीत फिरून दम भरला, "कोणीही पत्ता विचारला तर सांगायचं, माहीत नाही!"

"पन भाऊ, सगल्यांना माहीत हाय की," शेजारची मालू म्हणाली.

"माहीत असणं वेगळं, सांगणं वेगळं!"

मालूला ते काही उमगलं नाही. पण भाऊंचा शब्द ती खाली पडू देत नसे.

तळमजल्यावर धाकटा भाऊ भगवान राहायचा. त्यानं शंका काढली. "दादा, घर दोघांचं. मग पत्ता खासगी कोनाचा?"

"दोघांचा! म्हणून तो सांगायला दोघांची संमती लागणार." निकाल लागला. अपिलाची सोय नव्हती.

भगवानची मुलगी प्रांजल हसत होती. तिला प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली होती. वीस नोव्हेंबरला हजर व्हायचं, पासपोर्ट तेवढा यायचा बाकी. घराण्यातलं कुणी नोकरीसाठी उरणच्या पुढे गेलं नव्हतं, आणि ही पोरगी निघाली इटलीला! दीनानाथांनीच आळीभर पेढे वाटले होते.

एका दुपारी भगवानचं घर हळदीला गेलं असताना दारात साध्या कपड्यातला एक माणूस उभा राहिला.

"प्रांजल भोईर इथेच राहतात का?"

"कोण विचारतंय?"

माणसानं ओळखपत्र काढलं. दीनानाथांनी झटकन डोळे मिटले! "आत ठेवा आधी! स्वतःची माहिती अशी परक्याला दाखवतात का?"

"अहो काका, बघा तरी. राहतात की नाही, एवढंच सांगा."

"हो म्हटलं तरी माहिती फुटते, नाही म्हटलं तरी फुटते. पत्ता सामाईक आहे, दुसरा मालक हजर नाही. नमस्कार!"

माणसानं घाम पुसला आणि मालूचं दार वाजवलं. "शेजारी कोण राहतं?"

"मना नाय माहीत," चाळीस वर्षं तिथंच राहिलेली मालू म्हणाली.

समोरच्या धर्मराजनं तर कमाल केली. "शेजारी घर हाय होय?"

आठ दिवसांनी प्रांजलच्या मोबाईलवर निरोप आला. पोलीस तपासणीचा अहवाल प्रतिकूल! अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत असल्याचे आढळले नाही.

दीनानाथांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तसेच पोलीस ठाण्यात धावले, हात जोडले, कान पकडले आणि त्याच हवालदाराला रिक्षात घालून घेऊन आले. "हे घर! हा मी! विचारा कुणालाही!"

हवालदारानं मालूला विचारलं, "यांना ओळखता?"

मालूनं दीनानाथांना नखशिखांत न्याहाळलं. "नाय बा. कोन हायेत?" आणि हवालदाराची नजर चुकवून डोळा मारला.

"मालू, अगं खरं सांग!"

"भाऊ, कायपन करा, मी नाय फुटायची!"

भाऊ म्हणाली, तिथंच फुटली. पण कागद एकदा उलटा गेला की सुलटा व्हायला वेळ लागतो. हे कचेरीत जन्म काढलेल्या दीनानाथांना कुणी सांगायला नको होतं. वीस नोव्हेंबर आला आणि गेला. नोकरी जमवून देणाऱ्या एजंटनं तिच्या जागी दुसरी मुलगी पाठवली. प्रांजल तळोज्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली. काकांना ती एका शब्दानं बोलली नाही. रोज निघताना "येते काका" म्हणायची. चार शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

डिसेंबरात पासपोर्ट आला. प्रांजलनं सही करून पाकीट घेतलं आणि तसंच काकांच्या हातात दिलं. "बघा, सगळं बरोबर आहे का."

दीनानाथांनी शेवटचं पान उलगडलं. पत्त्याच्या पहिल्याच ओळीत इंग्रजीत छापलं होतं, दीनानाथ भोईर यांचे घर.

"अगं, माझं नाव कशाला घातलंस?"

"मग काय घालणार? आपलं घर तुमच्याच नावानं ओळखतात ना, काका!" म्हणाली आणि बस गाठायला पळाली.

देशोदेशीच्या साहेबांना दाखवायला पोरीनं काकाचं नाव बरोबर घेतलं होतं, आणि आपण एका हवालदारासमोर तिच्या नावाला हो म्हटलं नाही! दीनानाथांना ते पान मिटवेना. पासपोर्ट दहा वर्षं चालतो, एवढीच काय ती आशा!