गिऱ्हाईक आलंय!

"वीस द्या," दाराशी बुटांचा चिखल झाडत रॉइस लाफाउंटन म्हणाला. "चेकबुक घेऊनच आलोय."

डोरीन खुर्चीतून उठून लगबगीनं दाराकडे धावली.

डोरीन पेल्की अमेरिकेत, व्हरमाँटमधल्या एका छोट्या कंपनीत सरकारी अनुदानं सांभाळायची. तिकडे मेपलच्या झाडांतून गोड रस काढून, आटवून त्याचा पाक करतात; पण रानात झाडाझाडांना जोडलेल्या रसाच्या नळ्या खारी कुरतडतात आणि रस मातीत जातो. नळी नेमकी कुठे फुटली ते सांगणारं यंत्र या कंपनीनं तयार केलं होतं. केलं होतं म्हणजे, गेली अकरा वर्षं करतच होती. संशोधनाचं अनुदान संपलं की सुधारणेचं, ते संपलं की बाजारात आणण्याचं. यंत्र काही बाजारात जात नव्हतं, पण त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. पगार अगदी वेळेवर होत होते.

आणि आज वॉशिंग्टनहून प्रेविटबाई येणार होत्या, पुढच्या अनुदानाचं ठरवायला. ते नाही मिळालं तर कंपनीला टाळं. मग साठीला टेकलेल्या डोरीननं डोंगरावर स्कीवाल्यांची तिकिटं तपासत बर्फात उभं राहायचं. नवरा कंबरेच्या दुखण्यानं घरी बसलेला. दुसरं कमावणारं कोणी नाही.

"रॉइसभाऊ, अहो, ते विकायचं नाहीये."

"मग बनवलंय कशाला?"

हा प्रश्न अकरा वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. डोरीन गडबडली. "अजून चुकतं ते."

"कुठं चुकतं? चाचणी म्हणून माझ्या रानात एक लावलंत ना? परवा म्हणालं, ओढ्यापलीकडं नळी फुटली. जाऊन बघतो तर खार अजून तोंड पुसत बसलेली!"

"महाग आहे हो फार. एकाचे पाचशे डॉलर."

"पाचशेच? मी आठशे धरून आलो होतो."

डोरीननं हात टेकले आणि आत जाऊन मालकांना, डॉक्टर विन्सलो ट्रास्कना, सांगितलं. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"विकत? अगं, यंत्र कच्चं आहे, अजून दोन वर्षं संशोधन लागेल, असं लिहिलंय आपण अर्जात! हा बाबा आजच पैसे मोजायला लागला तर संशोधन कसलं करू, कपाळाचं? मागच्या खोलीत बसव त्याला. डोनट दे, कॉफी दे, पण बाहेर येऊ देऊ नकोस!"

गंमत अशी, की प्रेविटबाईंना गिऱ्हाईक बघायचंच होतं. मागणी आहे पण माल तयार नाही, असं दिसायला हवं होतं. त्यासाठी ट्रास्कनी आपल्या मेव्हण्याला, लायलला, पढवून ठेवलं होतं. लायल दातांचा डॉक्टर. अंगात चौकड्यांचा शर्ट, बुटांना मुद्दाम फासलेला चिखल आणि हात मात्र साबणानं घासून गुलाबी झालेले. असं हे खोटं गिऱ्हाईक पुढच्या खोलीत, आणि खरं मागच्या खोलीत डोनट खात.

प्रेविटबाई आल्या. लायलनं पाठ केलेली तीन वाक्यं घडाघडा म्हटली. यंत्राची वाट बघतोय, डोळे लागलेत, वगैरे. बाई खूश झाल्या आणि सहज म्हणाल्या, "रस काढायला रानात झाडांना टोट्या किती ठोकल्यात तुम्ही?"

हे पढवलेलंच नव्हतं. लायल घामाघूम झाला आणि जो आकडा रोज डोळ्यांपुढे असतो तोच बाहेर पडला.

"बत्तीस." बाई बघतच राहिल्या, तसा तो घाईघाईनं म्हणाला, "काहींना अठ्ठावीसच असतात."

मागच्या दाराआडून हसण्याचा गडगडाट झाला. "बत्तीस? एवढ्यात माझ्या बायकोच्या पॅनकेकपुरता पाक नाही निघायचा!" आणि अर्धा डोनट हातात घेऊन रॉइस बाहेर आला.

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"गिऱ्हाईक! यंत्र झकास चालतंय, मला वीस पाहिजेत, आणि ही मंडळी मला डोनट चारून कोंडून ठेवतायत."

ट्रास्कनी खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. डोरीनला रडूच फुटलं. इतकी वर्षं जिवापाड सांभाळलेली नोकरी एका डोनटवर गेली होती.

"मॅडम, खरं सांगते, यंत्र चालतं. केव्हाचं चालतंय."

प्रेविटबाईंनी उठून दार लावलं. "हळू बोला! आणखी कुणाला बोललात का हे?"

"नाही हो."

"नशीब! माझ्या हाताखाली अशा चाळीस कंपन्या आहेत. एकीनंही अजून साधी टाचणी विकलेली नाही. तुमचं विकलं गेलं, तर बाकीच्या एकोणचाळीस काय करतायत, असं वरचे मला नाही का विचारणार?" त्यांनी लायलकडे बोट दाखवलं. "गिऱ्हाईक असावं तर असं. उत्सुक, सज्जन, आणि विकत काही घ्यायचं नाही."

"मग मी काय करू?" रॉइस भडकला.

इथे मात्र डोरीनची अकरा वर्षांची तपश्चर्या कामी आली. तिनं डोळे पुसले.

"रॉइसभाऊ, लोक यंत्र विकत का घेत नाहीत, याचा अभ्यास आपण अनुदानात घालू. तुम्ही आमचे सल्लागार."

"अहो, पण मी घेतोय की!"

"तेच तर थांबवायचंय. तुम्ही घ्यायचं नाही, त्याचं दरमहा मानधन. आणि वीस यंत्रं चाचणीसाठी तुमच्या रानात लावून देऊ. फुकट."

रॉइस विचारात पडला. "म्हणजे पैसे देतो म्हटलं तर यंत्र मिळेना, आणि नको म्हटलं की यंत्रही मिळणार अन् वर पैसेही?"

"संशोधन म्हणतात त्याला," ट्रास्क खुर्चीतून म्हणाले.

रॉइसनं चेकबुक खिशात घातलं. "नकोच मला तुमचं यंत्र. अगदी भिकार आहे."

"वा, किती मोलाचं मत!" प्रेविटबाई म्हणाल्या आणि जाता जाता अनुदान नक्की करून गेल्या.

डोरीनची नोकरी वाचली. घरी जाताना तिनं नवऱ्यासाठी केकसुद्धा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली, तर कंपनीच्या दारापासून थेट हमरस्त्यापर्यंत ट्रकच्या रांगा. सगळी चिखलाच्या बुटांची, रानातली माणसं. सगळ्यात पुढच्यानं अदबीनं टोपी काढली.

"बाई, यंत्र विकत न घेणाऱ्यांची नावं इथंच लिहून घेतात ना? मला पन्नास घ्यायची नाहीयेत."