नकाशात नसलेली लाइन

मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला एक लोखंडी खांब रोवायचा, एवढंच काम होतं. काकूंनी सकाळी चहा देताना सहज विचारलं, "खणायच्या आधी ऑफिसला फोन करून विचारायचं का?" आणि काकांनी तोंडाशी नेलेला कप परत बशीत ठेवला.

विचारायचं? त्यांनी? ज्या माणसाची अख्खी हयात वीजखात्यात जमिनीखाली केबली टाकण्यात गेली, त्याने? कॉलनीत कुणाला झाड लावायचं असो की कुंपण घालायचं, लोक आधी काकांच्या दारात यायचे. काका जागेवर येऊन नुसतं बोट दाखवायचे, इथे पाणी, तिथे गॅस, त्या कडेने वीज. आणि खणलं की तसंच निघायचं. त्यांच्या देखरेखीखाली आजवर एकही केबल तुटली नव्हती, आणि ही गोष्ट ज्याने ऐकली नाही असा माणूस कॉलनीत उरला नव्हता. पोरंटोरं त्यांना पाठीमागे पाताळकाका म्हणत. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना पदवी मिळाल्याइतका आनंद झाला होता.

"अगं, इथला नकाशा मला झोपेतसुद्धा पाठ आहे," ते म्हणाले आणि पहार शोधायला गेले.

खरी मेख वेगळीच होती. हल्ली खणण्याआधी ऑफिसला कळवण्याचा नियम झाला होता. मग खात्याचा माणूस मशीन घेऊन येई आणि जमिनीवर रंगाने खुणा करून जाई. या भागात तो माणूस म्हणजे काकांची मुलगीच होती. ती बापाच्याच खात्यात लागली तेव्हा काकांनी कॉलनीभर पेढे वाटले होते. पण आपल्याच अंगणात काय पुरलंय ते आपल्याच मुलीला विचारायचं, हे त्यांच्या पचनी पडणारं नव्हतं.

काकूंनी वाद घातला नाही. आत जाऊन त्यांनी फोन केला. संसार त्यांनीही इतकी वर्षं उगाच केला नव्हता.

मुलगी डोक्यावर हेल्मेट आणि हातात मशीन घेऊन आली, तोवर काकांनी नुसत्या आठवणीवरून चुन्याच्या फक्कीने सगळं अंगण आखून ठेवलं होतं आणि खांबाच्या जागी ऐटीत फुली मारली होती. समोरचे वकीलही कुंपणाशी येऊन उभे राहिले. काकांच्या पाठांतराचा त्यांना बऱ्याच वर्षांचा जाच होता, त्यामुळे आज त्यांना कोर्टात जायची घाई नव्हती.

मुलीने मशीन फिरवायला सुरुवात केली. पाण्याची निळी रेघ बरोबर फक्कीवर पडली. गॅसची पिवळीही पडली. प्रत्येक रेघेला काका वकिलांकडे बघत होते आणि त्यांची छाती बोटभर पुढे येत होती. मग मशीन फुलीपाशी आलं आणि कोकलायला लागलं. मुलगी मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली. शेवटी तिने घराच्या भिंतीपासून अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत, फुलीच्या मधोमध, विजेची लाल रेघ मारली.

"पुसून टाक ती," काका म्हणाले. "इथे काही नाही."

"आहे, बाबा. आणि चालू आहे."

"नकाशात दाखव."

"नकाशात नाहीये."

"मग झालं तर."

वकिलांनी घसा साफ केला. "म्हणजे एक तर मशीन खोटं बोलतंय," ते म्हणाले, "नाहीतर आपले काका."

हे लागलं. जन्मभर कमावलेलं नाव एका लाल रेघेपायी मातीत जाणार होतं. काकांनी पहार उचलली. तशी मुलगी सरळ फुलीवर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझी खूण आहे ही. मी हलणार नाही." काकांचा संताप झाला खरा, पण त्याचबरोबर आत कुठेतरी बरंही वाटलं. मुजोर ठेकेदारांसमोर ते स्वतः असेच पाय रोवून उभे राहायचे.

मुलीने घराचा मेन स्विच बंद केला आणि खाली बसून खुरप्याने हलक्या हाताने माती काढली. वीतभर खाली केबल निघाली. केबलवर एक जॉइंट होता. तो बघायला काका पहार ठेवून उकिडवे बसले आणि त्यांना सगळं आठवलं.

कोपऱ्यात पूर्वी एक शेड होती. काकू माहेरी गेल्या असताना, एका रविवारी, शेडमध्ये दिवा आणि रेडिओ हवा म्हणून काकांनी कुणालाही न विचारता ही लाइन ओढली होती. पुढे शेड पडली, लाइन तशीच राहिली. नकाशात नाही ते जमिनीत नाही, यावर काकांची इतकी श्रद्धा की स्वतःचाच उद्योग ते साफ विसरून गेले होते.

"आधीच्या मालकाचं काम असणार," ते हळूच म्हणाले. वकिलांनीसुद्धा मान डोलावली. प्रकरण तिथेच मिटत होतं.

मुलीने फोन कानाला लावला. "सर, विनापरवाना लाइन सापडलीय. कुणी टाकली माहीत नाही. जॉइंट अगदी कच्चा आहे. कुणातरी नवशिक्याचं काम दिसतंय."

"कच्चा?" काका ताडकन उठले. "इतके पावसाळे मातीत काढून अजून लाइन चालू आहे, आणि कच्चा? अगं, असा जॉइंट सबंध खात्यात एकाच माणसाला जमायचा!"

"कुणाला हो?" वकिलांनी अदबीने विचारलं.

मुलीने फोन खिशात टाकला. तिने कुणाला फोन केलेलाच नव्हता. "टेपचा शेवटचा वेढा उलटा आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलात ना मला."

विनापरवाना लाइन ज्याने टाकली त्यानेच ती उपसून काढायची, असा खात्याचा नियम. तो काकांनीच एके काळी हट्टाने करून घेतला होता. दुपारभर ते खणत राहिले. संध्याकाळी कॉलनी बघायला लोटली तेव्हा ते चराच्या काठावर घामाघूम उभे होते, पण मान ताठ होती.

"बघून घ्या," ते सांगत होते, "लाइन कशी सरळ सुतात आहे की नाही? मी पुरलेली लाइन शोधणं कुणाच्या बापाला जमलं नसतं." मग त्यांनी चिखलाचा हात मुलीच्या स्वच्छ हेल्मेटवर ठेवला. "जमलं ते माझ्या मुलीला."