दिगंबरकाका अटी वाचतात

दिगंबरकाका फोनवरच्या नकाशाच्या वापराच्या अटी वाचतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चष्मा पुसून. असं करणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

क्रांती चौकाजवळ, चपलांच्या एका दुकानावर आमचं ऑफिस आहे. आम्ही दुकानांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइट बनवतो. मालक सचिन हा काकांचा पुतण्या. काकू गेल्यावर त्याने काकांना 'हिशेबाला मदत' म्हणून इथे आणून बसवलं. हिशेब कॉम्प्युटर करतो. म्हणून काकांनी स्वतःच काम शोधलं. कुणाच्या साइटवर नकाशा लावायचा असला की आधी त्याच्या अटी तपासायच्या.

अटी इंग्रजीत. काकांचं इंग्रजी कचेरीतल्या कारकुनीपुरतं. मी इंग्रजी शाळेतली आणि कुणाशी फारशी न बोलणारी, म्हणजे कायम जागेवर सापडणारी. सारखी हाक यायची.

"माय, इकडं ये. हे 'रीझनेबल' म्हणजे किती?"

"योग्य तेवढं, काका."

"कुणाच्या मतानं?"

ते तिथे लिहिलेलं नसायचं. मग काका उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. बसून विचार करणं त्यांना जमत नाही. 'आपण हे मान्य करता' असं मी वाचलं की दचकून थांबायचे. "मी? मी कुठं काय मान्य केलं अजून?"

एकदा सचिनच्या घरचे सगळे पाचोडला साखरपुड्याला निघाले, तेव्हा काकांनी गाडीत कुणालाच नकाशा उघडू दिला नाही. गाडी चालवण्याबद्दलचं कलम वाचायचं राहिलं होतं. विचारत विचारत पोचले, तोवर पंगती उठल्या होत्या. सचिन हे अजूनही चिडून सांगतो.

काकांचं म्हणणं साधं आहे. नकाशा उसना आहे. कोपऱ्यात कंपनीचं नाव असतं ते झाकायचं नाही. "शेजारणीचं पातेलं आणलं तर त्याच्यावरचं नाव घासून काढता का तुम्ही?"

मागच्या महिन्यात एका लॉन्सवाल्या शेठचं काम आलं. लग्नाचा हंगाम तोंडावर होता, साइट संध्याकाळपर्यंत हवी होती. शेठच्या लॉन्सला लागूनच दुसऱ्याचं लॉन्स, आणि ते नकाशात दिसता कामा नये, असं शेठचं फर्मान. आमच्या डिझायनरने नकाशाचा फोटो घेतला आणि शेजारच्या लॉन्सवर हिरवा रंग फिरवला. छान शेत तयार झालं. कंपनीचं नावही त्या शेतात गेलं.

काका मागे येऊन उभे राहिले. "हे कुणाचं वावर?"

मी सांगितलं.

"माय, कलम वाच."

मी वाचलं. नकाशात फेरफार करायचा नाही, नाव काढायचं नाही. तेवढ्यात शेठ स्वतःच आले.

"ओ काका, कौन देखनेवाला है? माझ्या साइटवर मी त्याची जाहिरात कामून करू?"

"त्याचं लॉन्स जागेवर हाय, शेठ. उद्या तुमच्याकडचं वऱ्हाड वावर हुडकत फिरंल."

डिझायनर हसला. ते शेठना लागलं. "सचिनभाऊ, मी दुसरीकडं करून घेतो," म्हणून ते गेले.

सचिन बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिला. मग काकांकडे न बघता म्हणाला, "काका, उद्यापासून तुम्ही घरीच आराम करा."

काकांनी डब्याची पिशवी घेतली. मी जिन्यात त्यांच्या मागे गेले.

"काका, कंपनीला कळलंसुद्धा नसतं."

"नसतं कळलं." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "तुझी काकू होती तवर चप्पल कुठं काढायची, बातम्या किती मोठ्यानं लावायच्या, सगळ्याच्या अटी. लई भांडायचो. आता कसंबी वागलं तरी कुणी बोलत नाय, माय. चप्पल घालून देवघरापर्यंत गेलो परवा. कुणी बोललं नाय."

ते खाली गेले. मी वर आले. सचिनच्या टेबलासमोर मी आपणहून कधी उभी राहिले नव्हते.

"अटी वाचायला मला काका लागतात," मी म्हणाले.

"वाचतेस तर तूच."

"मी वाचते आणि पुढे जाते. ते थांबतात."

 सचिन उठून खिडकीशी गेला, खाली वाकला. "गेले का?"

गेले नव्हते. काकांची स्कूटर चालू होत नव्हती.  हाक काही सचिनच्या तोंडून निघेना. मग मीच खिडकीतून ओरडले, चपलांच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला लागलं इतक्या मोठ्याने.

"काका, उद्या साडेदहाला! उशीर चालणार नाही!"

काकांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, सचिनकडे बघितलं.

"आणिक?"

"डबा सगळ्यांबरोबर खायचा! एकट्याने नाही!"

"आणिक?"

 काकांनी स्कूटर स्टँडवर घेतली आणि नीट ऐकू यावं म्हणून खिडकीखाली येऊन उभे राहिले.