आप्पांच्या घरचे दात

आमच्या गल्लीत सकाळी सगळ्यांच्या आधी दात घासून होतात ते सर्जाचे. सर्जा हा कुत्रा. त्याचे मालक शंकरआप्पा, म्हणजे माझे घरमालक, स्वतःचे दात मात्र पेल्यात ठेवतात. हयात निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेली, मिश्रीनं हिरड्या गेल्या, आणि मग जे शहाणपण आलं ते सगळं कुत्र्याच्या तोंडात शिरलं.

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सोडली, आता खिडक्यांना काचा बसवतो. बायको-पोरं गावाकडं. इथं ओळखीचं कुणी नसताना आप्पांनी खोली दिली, ते उपकार मी विसरायचो नाही. अट एकच होती, सकाळी सर्जाचं डोकं धरायचं. आपला हात हलला तर खोली जाईल, या धास्तीनं मी इतका ताठ बसतो की सर्जालाच माझी दया येते. आप्पा बोटात रबरी ब्रश घालतात, त्यावर जनावरांच्या दवाखान्यातली कोंबडीच्या वासाची पेस्ट घेतात आणि ओठ वर करून गोल गोल घासतात.

"माणसाची पेस्ट चालत न्हाय रं. त्याला चूळ भराय येती व्हय?"

हे ते रोज नव्यानं सांगतात. मी रोज नव्यानं "न्हाय की" म्हणतो. बायको फोनवर विचारते, तिकडं जाऊन काय शिकलात? आता काय सांगू?

कुणाचंही कुत्रं दिसलं की आप्पा मालकाला नमस्कार करत नाहीत, कुत्र्याला म्हणतात, "तोंड बघू." पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथंही तेच. आत कांदेपोहे निवत होते आणि आप्पा पायरीवर त्या घरच्या कुत्र्याचा ओठ उचलून बसले होते. आत येऊन त्यांनी जाहीर केलं, "दाढंवर ह्यो थर! वास मारतोय. दारातल्या जनावराकडं बघाय हितं कुणाला सवड न्हाय, मग माणसाचं काय बघत असतील?" मुलीकडच्यांनी पोहे उचलून आत नेले. पुतण्या अजून बिनलग्नाचा आहे आणि आप्पांशी बोलत नाही.

समोरच्या सुशीलाआक्कांना सर्जाचा थाट बघवेना. आपला कुत्रा कशाला मागं राहील? त्यांनी त्याच्या हिरड्यांना मिश्री चोळली. घरची, चांगली खरपूस भाजलेली, स्वतःच्या डबीतली. कुत्रं ओकत, फेस गाळत रस्त्याला लागलं. आप्पांनीच धावत जाऊन त्याला धरलं, रिक्षात घातलं, दवाखान्यात नेऊन वाचवलं. आल्यावर ओरडले, "आक्का, तंबाखू इख हाय त्याला!"

"मी जन्मभर लावतोय की. मला काय झालंय?" आक्का हसून म्हणाल्या. हसल्यावर त्यांचे उरलेसुरले दात दिसले. आप्पांनी ते बघितले आणि वाद तिथंच सोडला.

तर असे हे दातांचे कैवारी. त्यांच्याच घरात कमळी नावाची म्हातारी मांजर आहे, आणि तिच्या तोंडाला मात्र कधी कुणाचं बोट लागलेलं नव्हतं. एकदा प्रयत्न केला तेव्हा तिनं आप्पांचा हात ओरबाडला. "मांजर चाटूनच साफ ऱ्हातंय," असा त्यांनी कायदा केला. सोयीचा कायदा.

गेल्या महिन्यात कमळी दुधापाशी यायची, हुंगायची आणि मागं सरायची. पंजानं तोंड चोळायची. मग लाळेत रक्त दिसलं आणि आप्पांनी तिला उचलून दवाखाना गाठला. इथल्या डॉक्टरांनी बेळगावला न्या म्हटलं. मी कामावर खाडा करून बरोबर गेलो. बसमध्ये कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, पिशवीत काय आहे? आप्पा म्हणाले, "पेशंट."

बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी कमळीचं तोंड उघडून बघितलं. हिरड्या सडल्या होत्या, दाढा काढायला हव्या होत्या. भूल द्यावी लागेल. वय झालंय, जपून करू, पण खात्री देता येत नाही, असं त्या म्हणाल्या.

"लहानपणापासून दात घासायची सवय लावायची होती, काका. निदान वर्षातून एकदा दाखवायचं. मांजरं दुखणं लपवतात."

जन्मात कुणाचं न ऐकलेले आप्पा मान खाली घालून "व्हय" म्हणाले.

कमळीला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर. आप्पांचं लक्ष बंद दारावर.

"जगंल न्हवं रं?"

"जगंल की, आप्पा." मला तरी काय माहीत?

मग दाराकडं बघतच ते बोलले. "माझी बायकू, रत्ना, एकाच बाजूनं जेवायची. वर्सभर. मी म्हटलं, सवय आसंल. वखारीतनं आलो की ताटावर बसायचो. भाकरीकडं बघायचो, तिच्या तोंडाकडं कवा बघितलंच न्हाय. हितंच, बेळगावलाच आणलती तिला. डॉक्टर म्हटले, लई उशीर केलासा."

दार उघडलं. बाईंनी टॉवेलात गुंडाळलेली कमळी आप्पांच्या मांडीवर दिली. जीभ बाहेर, डोळे अर्धे उघडे, पण श्वास चालू होता. चार दिवस मऊ खायला घाला, म्हणाल्या.

आप्पा तिच्या कानाशी वाकले. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो, तरी ऐकू आलंच.

"दुखलं की सांगत जा गं," ते म्हणत होते. "मला लौकर कळत न्हाय."