बुद्धिवर्धक सरबताचे पृथक्करण

एकत्र नांदणारे सगळेच सुखी असतात असे नाही. पण त्यांना वेगळे करणारा कधीच सुखी नसतो. संस्थेच्या पृथक्करण विभागाचे प्रमुख गाळणसाहेब (हे नाव सहकाऱ्यांनी प्रेमाने, म्हणजे पाठीमागे ठेवले होते) याला अपवाद नव्हते.

उभे आयुष्य खर्चून त्यांनी एक उंच काचनळी सिद्ध केली होती. आत पांढरी भुकटी. वरून कुठलेही मिश्रण ओतले की एकेक घटक आपापल्या चालीने खाली येई, कचेरी सुटल्यावर माणसे जिना उतरतात तसा: कामचुकार आधी, कामसू शेवटी.

एकदा चाचणीसाठी हाताशी काही नव्हते, म्हणून त्यांनी संस्थेचेच नावाजलेले बुद्धिवर्धक सरबत नळीत ओतले. पाणी उतरले. साखर उतरली. मग लाल रंग. गाळणसाहेब स्टुलावर बसून बुद्धीची वाट पाहत राहिले. ती आली नाही.

हेच सरबत त्यांची बायको रोज मुलीला पाजत होती, आणि मुलगी वर्गात पहिली येत होती. तरी धीर करून ते संचालकांकडे गेले.

"साहेब, सरबतात बुद्धी नाही."

"नळीत ओतण्याआधी होती?"

"तेव्हाही नसणार."

"तेव्हा पाहिली होतीत?"

"नाही."

"मग झालं तर! बाटलीत होती, नळीतून गेल्यावर नाही. घालवली कोणी?"

तर्कात खोट निघेना. समिती बसली. (ऐंशी टक्के सदस्य नियमित सरबत घेणारे, उरलेले एक सदस्य झोपले होते.) गाळणसाहेबांची नळी हे बुद्धी नष्ट करणारे जगातले पहिले उपकरण आहे, असे तिने एकमताने ठरवले आणि त्यांना पदक दिले.

घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "अगं, नुसतं साखरेचं पाणी आहे ते."

"मग पोरगी पहिली कशी येते?"

"अभ्यास करते म्हणून!"

"म्हणजे माझं त्यात काहीच नाही?" तिचे डोळे भरून आले.

तिने पुढे केलेला सरबताचा पेला गाळणसाहेबांनी मुकाट्याने रिकामा केला. जरा तरतरी आली, हे सर्वांत वाईट झाले.

संस्थेने बाटलीवर 'न गाळलेले' असे छापले. खप तिप्पट झाला.

नळी आता इशारा म्हणून संस्थेच्या दारात उभी आहे. ज्याला आपल्या घरची बाटली तपासायची असेल त्याने खुशाल तपासावी, अशी पाटीही आहे. गाळणसाहेबांची ही हकिकत ऐकून हसणाऱ्यांची तिथे रोज गर्दी होते. बाटली अजून एकानेही आणलेली नाही. तुम्हीसुद्धा हसतच आलात, हात हलवत.